हात जिवंत, नोंदणी मेलेली

'जीवित नोंदणी' हा शब्द ऐकलाय का दोस्तांनो? नसेल तर ऐकून ठेवा. सरकारी शब्द आहे. घरकाम करणाऱ्या बाईनं मंडळाकडं नाव नोंदवलं आणि मुदत सरायच्या आत नूतनीकरण केलं, तर तिची नोंदणी जीवित. मुदत टळली की नोंदणी मेली. बाई जिवंत असते. पहाटे उठते, डबा करते, मिनिडोर पकडते, लोकांची पोरं चोळते, संध्याकाळी स्वतःचे खांदे धरून बसते. पण कागदानं तिचं मयत केलेलं असतं.

महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 सालचा. अठरा पूर्ण आणि साठीच्या आत असलेल्या कामगाराची नोंद त्यात होते. 2021 च्या एप्रिलात कोरोनाची बंदी आली तेव्हा सरकारनं घरकामगारांना 1500 रुपये जाहीर केले, पण 'नोंदीत' असलेल्यांना. वयाची 55 पूर्ण केलेल्यांना सन्मानधन म्हणून 10,000 रुपये ठेवलेत, पण 'जीवित नोंदणी' असलेल्यांना. अंत्यविधीचेही पैसे आहेत. म्हणजे खरंखुरं मरायचं असेल तर त्याआधी कागदावर जिवंत असलं पाहिजे. च्यायला, ही भाषा ज्यानं लिहिली त्याला हसू आलं नसेल काय?

मी हे लिहितोय ते मालिशवाल्या बायकांबद्दल. माझी आई त्यातली एक. वडखळची. मुंबई-गोवा हायवेवर पेण सोडलं की वडखळचा नाका येतो. एक रस्ता खाली नागोठणे, कोलाड, महाडकडं जातो. दुसरा फुटतो अलिबागला. शुक्रवारी संध्याकाळी या नाक्यावर उभं राहा. मुंबईच्या गाड्यांची रांग बघा. काचा वर, आत थंडगार, पाठीमागं पोरांच्या पोहायच्या ट्यूबा. ही सगळी मंडळी समुद्राकाठच्या रिसॉर्टात अंग सैल करायला निघालीत. तिथं मसाज आहे. त्याला थेरपी म्हणतात. सुगंधी मेणबत्ती लावतात, आणि पाण्याचा आवाज टेपवर वाजवतात. खरा समुद्र पन्नास पावलांवर असताना.

त्याच नाक्यावर सकाळी साडेसहाला माझी आई मिनिडोरची वाट बघत उभी राहायची. पिशवीत जुनं लुगडं, एक पंचा, एक वाटी. तीही मालिशच करायची. तिला कुणी थेरपिस्ट म्हटलं नाही. 'बाई आली गं,' एवढंच.

काम काय आहे ते आधी नीट समजून घ्या, कारण आपल्यातल्या बऱ्याच पोरांना ते ठाऊक नाही. आपण सगळे त्याच हातांखालून निघालोत तरी. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की सव्वा महिना. आधी बाळंतिणीचं अंग. तेल कोमट करायचं. पायापासून वर यायचं. टाके असतील, सिझर असेल, तर पोटाला हात लावायचा नाही. कंबर, पाठ, मांड्या. अंगात कुठं गाठ धरलीय, कुठं सूज आहे, ताप आहे का, हे तळव्याला कळतं. मग बाळ. जमिनीवर पाय लांब करून बसायचं, पोर नडग्यांवर घ्यायचं, आधी उताणं, मग पालथं. मान सावरायची. हात-पाय आडवे-तिडवे जुळवायचे. डाळीचं पीठ, ऊन पाणी, पंचात गुंडाळणं, धुरी. सगळं मिळून एका घरी तासभर. पाण्याची बादली आपणच उचलायची. न्हाणी आपणच धुवायची. मग दुसरं घर. दिवसाला चार घरं झाली तर दिवस बरा.

हात असा तयार होतो की दोन दिवसांच्या पोराला काविळीची झाक आहे हे आई डॉक्टरच्या आधी सांगायची. "ताई, याला उजेडात घेऊन बघा, आन् दवाखान्यात न्या." नेलं की बिल डॉक्टरचं. शाबासकीही डॉक्टरची. असो, शाबासकीनं पोट भरत नाही.

आता जात. जात नसती तर हा लेख लिहायचं कारणच नव्हतं.

बाळंतपण म्हणजे विटाळ. रक्त, वार, नाळ, घाण. ज्या कामाला विटाळ चिकटतो ते काम खालच्या हातांत द्यायचं, हा या देशाचा जुना कायदा आहे. त्याला परवाना लागत नाही, नूतनीकरण लागत नाही, जन्मासोबत तो आपोआप मिळतो. महाराष्ट्रात कुठं सुईण मांगाची, कुठं महाराची, कुठं न्हाव्याची. पोर विटाळात असेतो आमच्या हातांत. बाराव्या दिवशी बारसं, पाळणा सजला, नातेवाईक आले, की पोर त्यांच्या मांडीवर आणि आम्ही मागल्या दारी. आईला एका घरी तेलाची वाटी वेगळी ठेवलेली. तिच्याच हातांनी तेच तेल त्यांच्या वंशाच्या दिव्याच्या टाळूवर घालायचं, आणि वाटी मात्र त्यांच्या भांड्यांत मिसळायची नाही. हा हिशेब कुठल्या शास्त्रात बसतो ते मला कुणी तरी समजावून सांगा.

वडखळवरून हाच रस्ता धरून खाली गेलं की महाड. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. मग त्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळं शुद्ध करून घेतलं. आपल्या ओंजळीनं अख्खं तळं बाटलं. त्याच गावात, त्याच साली, वाड्यांवाड्यांतली बाळं कोणाच्या ओंजळीतून न्हात होती? ती नाही बाटली? गरज असते तोवर हात शुद्ध. काम संपलं की हात महाराचा.

सरकार या हातांना एकदाच कामाची कदर दाखवायला आलं, तेही घाईत होतं म्हणून. 1977 ला ग्रामीण आरोग्य योजना आली. गावागावात एक प्रशिक्षित दाई तयार करायची होती. तीस दिवसांचं प्रशिक्षण. शिकायचे 300 रुपये विद्यावेतन. शिकायचे पैसे सरकार देत होतं, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. प्रशिक्षणात निदान दोन बाळंतपणं देखरेखीखाली करून दाखवायची. मग प्रमाणपत्र आणि बाळंतपणाची पेटी. पुढं नोंदवलेल्या प्रत्येक बाळंतपणामागं 10 रुपये. माझ्या आजीला ती पेटी मिळाली होती. अक्षरओळख नव्हती, अंगठा उठवून प्रमाणपत्र घेतलं. प्रमाणपत्र भिंतीवर, बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली. त्यावर मुदतीची तारीख नव्हती.

तरी ते संपलं. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणं दवाखान्यात न्यायचं ठरलं. ठरलं ते बरंच ठरलं. मी दाईच्या नावानं गळा काढणाऱ्यांतला नाही. आपल्या वस्त्यांतल्या बाया बाळंतपणात तडफडून मेल्यात, पोरं आतच गुदमरलीत. दवाखाना पाहिजे, चोवीस तास पाहिजे, आणि त्यात डॉक्टर हजर पाहिजे. पण तीस दिवस शिकवून, पेटी देऊन जिला आरोग्य व्यवस्थेचा शेवटचा हात म्हणून उभं केलं होतं, तिला नव्या व्यवस्थेत कुठं बसवलं? मानधन आशाला. आशाला शिक्षणाची अट. आजी अंगठाछाप. एका सहीनं तिची विद्या संपली आणि उरलं फक्त चोळणं. आई त्या चोळण्यावर आली. आजीची पेटी भंगारात गेली, किलोच्या भावानं.

आता 2005 नंतरची गंमत बघा. बाळंतपण गेलं दवाखान्यात, पण मालिश उलट वाढली. मुंबईत, पनवेलला, पेणला फ्लॅट झाले. सासू गावाला, आई नोकरीत, मग बाळंतिणीला बाई पाहिजे. एजन्स्या निघाल्या. रिसॉर्टं निघाली. बाजाराला वास लागला की या कामात पैसा आहे. आणि ज्या कामात पैसा दिसतो त्या कामाला लगेच इंग्रजी नाव, गणवेश आणि सर्टिफिकेट लागतं. (हे काही नवं नाही. पाटण्याचा शेख दीन महंमद 1820 च्या दशकात इंग्लंडात ब्रायटनला चंपीच करायचा. राजानं त्याला 'शाम्पूइंग सर्जन' केलं. चंपीचा शाम्पू झाला. आज बाटलीत भरून आपल्यालाच विकतात.)

माझी मावसबहीण आईच्या हाताखाली शिकली. पाच वर्षं आईसोबत घरं केली. मग अलिबागच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टात विचारायला गेली. साहेब म्हणाला, सर्टिफिकेट? नाही. मग एका खासगी संस्थेत फी भरली. कर्ज काढून भरली. तिथं शिकवणाऱ्या पोरीला हिनं मनगट कसं सैल ठेवायचं ते दाखवलं. कोर्स संपला, कागद मिळाला, त्यावर दोन वर्षांची मुदत. दोन वर्षांनी पुन्हा फी, पुन्हा 'रिफ्रेशर'. मुदत विद्येला असते का रे? दोन वर्षांनी हात विसरतात काय? हातांना मुदत नसते. मुदत असते ती फीला. आणि त्या कागदाला कायद्यात काडीचा आधार नाही. संस्थेनं छापला, रिसॉर्टनं मागितला, दोघांच्या मध्ये ही पिळली गेली.

आणि मालकाचं काय? 2017 सालचा महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापना कायदा काढा. तो झाला तेव्हाच त्यात लिहिलं होतं, की दहापेक्षा कमी कामगार असले तर मालकाला नोंदणीच लागत नाही. नुसती सूचना द्यायची, झालं. नूतनीकरणाची कटकट नको म्हणून, धंदा करणं सोपं व्हावं म्हणून. ठीक आहे, व्हावं सोपं. पण नऊ बायकांच्या हातांवर धंदा करणाऱ्याला एकदा सांगितलं की बास, आणि त्या नऊ बायकांनी मात्र आपण जिवंत आहोत हे मुदतीमागून मुदत सिद्ध करत राहायचं! धंदा करणं सोपं. काम करणं अवघड. याला कायदा म्हणतात.

घरोघर चोळणारीचं तर आणखी अवघड. घरकामगार म्हणून नोंदवायचं तर मालकाचा दाखला पाहिजे, की ही बाई माझ्याकडं कामाला आहे. धुणं-भांडीवालीचा मालक वर्षानुवर्षं तोच असतो, तरी तो सही देताना दहा वेळा विचार करतो. मालिशवालीचा मालक सव्वा महिन्याचा. चार घरं, चार मालक, आणि चाळीस दिवसांनी चौघंही नवे. मी आईला म्हटलं, एका तरी घरी सही माग. ती म्हणाली, "सही मागितली तर उद्यापासून येऊ नको म्हनतील. मंग तुझा कायदा घेऊन मी काय करू?" तिनं आयुष्यात नोंदणी केली नाही. आता साठी उलटली. आता करताही येणार नाही. तीस वर्षं चार तासांप्रमाणं धरा, वर्षाचे तीनशे दिवस धरा. छत्तीस हजार तास होतात. न्यू यॉर्क राज्यात मसाजचा परवाना मिळवायला एक हजार तासांचं शिक्षण लागतं, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरणाला छत्तीस तास. आपल्याकडं आरोग्याशी जोडलेल्या व्यवसायांसाठी 2021 साली केंद्राचा कायदा झाला, त्यात डिप्लोमा-डिग्रीचे किमान दोन हजार तास धरलेत. पण तास मोजायचे ते वर्गातले. न्हाणीतले तास कुणी मोजत नाही. छत्तीस हजार तास, आणि कागदावर शून्य.

आणि सरकार जेव्हा मसाजबद्दल लिहितं तेव्हा ते कुठल्या डोळ्यांनी लिहितं तेही बघा. दिल्लीत 2021 ला स्पासाठी नियम काढले, बाईनं पुरुषाला आणि पुरुषानं बाईला मसाज करायचा नाही. हायकोर्टानं त्याच साली डिसेंबरात त्याला स्थगिती दिली. नियम काय म्हणत होता? की मालिश करणारी बाई म्हणजे संशयित. तिच्या पगाराचा, तिच्या मनगटाच्या दुखण्याचा, गिऱ्हाइकानं हात धरला तर तिनं कुठं जायचं याचा प्रश्न मागं, आणि पहारा पुढं. छाप्याच्या बातमीत मालकाचं नाव शेवटी येतं, बायकांचा आकडा पहिल्या ओळीत. खालच्या जातीच्या बाईचा हात म्हणजे विकतचा, हा जुना माज आता पोलिसी मराठीत बोलतो एवढंच.

आता आपल्यातलीच एक बोलणी. चळवळीतले मित्र मला म्हणतात, बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडायला सांगितली. मेलेली ढोरं ओढू नका म्हणाले. तू आपल्या आयाबहिणींना पुन्हा त्याच विटाळाच्या कामाचा परवाना काढून देणार? हे मागं जाणं नाही का?

प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तर देतो. बाबासाहेब ज्याच्यावर तुटून पडले ते काम नव्हतं फक्त, तर जातीनं लादलेलं, मोबदल्याविना राबवणारं, नाही म्हणायची सोय नसलेलं वतन होतं. ते वतन मुंबई राज्यात 1958 च्या कायद्यानं मोडलं. आई वतनावर चोळत नाही. मजुरीवर चोळते. ज्या पोरीला शिकून नर्स व्हायचं, वकील व्हायचं, तिनं जरूर व्हावं, त्यासाठी आपण रस्त्यावर आहोतच. पण पन्नाशीतल्या बाईला तुम्ही 'सोड' म्हणता तेव्हा तिच्या हातात दुसरं काय देता? घोषणा? आणि एक सांगा, आपण सोडलं म्हणजे ते काम संपतं का? काम राहतं. फक्त मालक बदलतो. आपण टाकलेलं ते उचलतात, धुतात, 'थेरपी' म्हणून काचेमागं ठेवतात, आणि आपल्याच पोरींना तिथं पगारावर हाताला लावतात. विटाळ गेला, नफा झाला. आपल्या वाट्याला विटाळ होता तेव्हा मक्तेदारी आपली. पैसा आला तेव्हा मात्र पात्रता पाहिजे!

परवाना म्हणजे भिंत. पण ती कुणासाठी बांधायची हे ठरवता येतं. दक्षिण कोरियात मसाजचा परवाना कायद्यानं फक्त अंधांना मिळतो. 2006 साली तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ते रद्द केलं, बाकीच्यांच्या व्यवसाय-स्वातंत्र्याला बाध येतो म्हणून. अंध मालिशवाले सोलच्या रस्त्यावर उतरले. काहींनी पुलावरून नदीत उड्या घेतल्या. त्याच साली संसदेला कायदा बदलून तो हक्क परत द्यावा लागला, आणि 2008 साली त्याच न्यायालयानं तो मान्य केला. कारण काय? ज्यांना बाकी दारं बंद आहेत त्यांच्यासाठी एक दार राखून ठेवणं म्हणजे अन्याय नव्हे. मी म्हणत नाही की आपण मालिश जातीला राखून मागू. तसं मागणं म्हणजे वतन परत मागणं. मी एवढंच म्हणतोय की परवाना दुबळ्याच्या बाजूनंही लिहिता येतो, लिहिलेला आहे. इथं तो लिहिणाऱ्यांना तशी गरज वाटली नाही.

मग आपलं मागणं काय? नियम नकोत असं मी म्हणणार नाही. नियम पाहिजेत. काही बायका अजून पोराच्या नाका-कानात तेल सोडतात, बाळाच्या छात्या पिळतात. डॉक्टर नको म्हणतात ते बरोबर म्हणतात. हे सुटलं पाहिजे. पण ते सुटायला प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकवा, आणि शिकायच्या दिवसांची मजुरी द्या. 1977 च्या योजनेत शिकायचे पैसे मिळत होते, आज शिकायचे पैसे मोजावे लागतात, याच्याइतकी नागडी गोष्ट दुसरी नाही. परीक्षा हातांची घ्या, मराठीत घ्या, लेखी नको. जिनं वीस-तीस वर्षं काम केलंय तिचे तास मोजा आणि तिलाच शिकवायला बसवा, मानधनावर. तपासणाऱ्या समितीत निम्म्या बायका हात चालवणाऱ्या पाहिजेत. मालकाच्या दाखल्याची अट काढा. शेजारच्या दोन मालिशवाल्यांची साक्ष धरा, किंवा अंगणवाडीत ज्या बाळांची नोंद आहे त्यांच्या आयांची. कार्ड एकदाच द्या. कुठल्याही जिल्ह्यात चालेल असं द्या. ते मरू देऊ नका. नूतनीकरण मागायचंच असेल तर रिसॉर्टवाल्याकडं मागा, दर साली मागा: किती बायका, किती पगार, किती तास, रात्री घरी सोडायला गाडी आहे का, तक्रार ऐकायला कोण आहे. त्यानं कागद दाखवला नाही तर त्याचं दार बंद करा. आणि साठीची रेघ पुसा. साठीनंतर मनगटाची वाट लागते, तेव्हाच तर पैसा लागतो.

हे मंत्रालयातून चालत येणार नाही. तुम्ही शिकलेली पोरं आहात. अर्ज वाचता, मोबाइलवर फॉर्म भरता, साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोलता. चाळीतल्या, वस्तीतल्या कामवाल्या बायकांची कार्डं मागून घ्या. ज्यांच्याकडं आहे त्यांची मुदत कुठल्या तारखेला सरते ते वहीत लिहा. ज्यांच्याकडं नाही त्यांची वेगळी यादी करा, वयासकट, किती वर्षं काम केलं त्यासकट. पेण, वडखळ, नागोठणे, रोहा एवढ्या पट्ट्याची यादी मी सुरू केलीय. रविवारी सकाळी वडखळच्या नाक्यावर, अलिबागच्या फाट्यापाशी भेटा. वही घेऊन या.